आठ जणांची टीम, सगळे आपापल्या घरून काम करतात: स्लॅक घ्यावं, टीम्स की झोहो?

तुम्ही लिहिलंय की टीम आठ जणांची आहे, तिघं नाशिकला आणि बाकीचे पुणे, धुळे, बंगळुरूला. ऑफिस नाही आणि सध्या सगळा कारभार व्हॉट्सॲपच्या एकाच ग्रुपवर चालतो. माझं मत विचाराल तर स्लॅक, टीम्स, झोहो असलं चॅटचं ॲप सगळ्यात शेवटी निवडा. ठरलेलं काम कुठे लिहिलं जाणार, ते आधी ठरवा. ते ठरलं की स्लॅक की टीम्स हा वाद निम्मा तिथेच मिटतो.

आमची टीमही साधारण तुमच्याएवढीच. नाशिकच्या गंगापूर रोडला छोटी जागा आहे, पण तिथे रोज कुणी बसत नाही. आम्ही द्राक्ष निर्यातदारांच्या पॅकहाऊससाठी, म्हणजे माल भरून पाठवायच्या शेडसाठी, सॉफ्टवेअर करतो, त्यामुळे जानेवारी ते एप्रिल फोन खाली ठेवायला मिळत नाही. त्या दिवसांत येणारा एक नेहमीचा निरोप सांगतो. रात्री दहाच्या सुमारास पिंपळगावकडून सुपरवायझरचा व्हॉइस मेसेज येतो, मागे माल थंड करायच्या (प्रीकूलिंगच्या) पंख्यांचा आवाज: "दादा, उद्याच्या कंटेनरला पाचचा बॉक्स नाही, साडेचारचा. लेबल बदलून द्या." म्हणजे पाच किलोऐवजी साडेचार किलोचा बॉक्स, त्यात अर्ध्या किलोचे पनेट (प्लॅस्टिकचे छोटे डबे) दहाऐवजी नऊ, आणि त्या हिशेबाने लेबलवरचं निव्वळ वजन, पॅलेटचं एकूण वजन, पॅकिंग लिस्ट, सगळंच बदलतं. ग्रुपवर अशा निरोपाला तीन अंगठे पडतात, पण काम कुणाच्याच नावावर चढत नाही. ज्याने अंगठा दिला त्याला वाटतं आपण फक्त 'वाचलं' म्हणालो.

सुपरवायझरला स्लॅक डाउनलोड करायला लावू नका, तो करणार नाही आणि त्याने का करावं? ग्राहक व्हॉट्सॲपवरच राहू द्या. त्या दिवशी ज्याची पाळी असेल त्याने तो निरोप ऐकून टीमच्या ऑनलाइन बोर्डवर कार्ड टाकायचं, म्हणजे एका कामाची एक नोंद. त्यात ग्राहकाचं नाव, नेमकं काय बदलायचं, कधीपर्यंत आणि करणाऱ्याचं नाव, एकाचंच. पुढची चर्चा त्या कार्डाखालीच. ग्रुपवर कुणी विषय काढलाच तर "कार्डावर लिही" एवढंच उत्तर द्यायचं. थोडे दिवस सगळे कुरकुरतात, मग सवय होते.

बोर्डासाठी कोड लिहिणारे जास्त असतील तर जिरा घ्या, नाहीतर ट्रेलो. दोन्ही ॲटलासियन या एकाच कंपनीचे आहेत, ट्रेलो त्यांनी 2017 मध्ये विकत घेतलं. जिरा दहा जणांपर्यंत फुकट आहे आणि ट्रेलोच्या फुकट वर्कस्पेसमध्येही दहाच जण बसतात. आज तुम्ही आठ आहात म्हणून निवांत वाटेल. पण जिरावर अकरावा माणूस आला की बिल त्या एकट्याचं येत नाही, अकराही जणांचं येतं. इंटर्न आणि फ्रीलान्सर धरून वर्षभराने किती जण असाल ते आत्ताच मोजा.

मेल आणि कागदपत्रांसाठी गूगल वर्कस्पेस किंवा झोहो वर्कप्लेस यांपैकी एक घ्या, तेही स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे मेलच्या पत्त्यात कंपनीचंच नाव येईल असं. दोन्हींत चॅट आणि व्हिडिओ कॉल येतोच, आठ जणांना तेवढं पुरतं. झोहो चेन्नईची कंपनी, बिल रुपयांत येतं, खर्चही साधारण कमी. मला स्वतःला गूगलचं डॉक्युमेंट जास्त आवडतं, दोघांनी एकाच वेळी लिहायला ते अजून सगळ्यात सुटसुटीत वाटतं. तुमचे ग्राहक नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींतल्या मोठ्या कारखान्यांपैकी असतील तर त्यांच्या मीटिंगा बहुतेक टीम्सवरच होतील. पण पाहुणा म्हणून ब्राउझरमधून बसायला तुम्हाला टीम्स विकत घ्यावं लागत नाही. त्यांच्याबरोबर रोज एक्सेल फायली इकडून तिकडे होत असतील तरच मायक्रोसॉफ्टचा प्लॅन घ्या.

स्लॅक वाईट नाही. चॅनेल (विषयवार ग्रुप), थ्रेड (एका मेसेजखालची चर्चा) आणि बाहेरची ॲप जोडायची सोय यांत ते खरंच चांगलं आहे. पण फुकट प्लॅनमध्ये 90 दिवसांपलीकडचं बोलणं दिसत नाही, आणि 2024 पासून वर्षापेक्षा जुनं तर ते पुसूनच टाकतात. हंगामी धंद्यात याचा अर्थ असा की फेब्रुवारीत काय ठरलं होतं ते पुढच्या जानेवारीत शोधायला जाल तेव्हा हाती काही लागणार नाही. घ्यायचंच तर पैसे भरून घ्या. आणि टीममध्ये सर्व्हर सांभाळणारा कुणी असेल तर झुलिप हे चॅटचं ॲप बघा. ते ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड खुला आहे आणि आपल्या सर्व्हरवर चालवता येतं, आणि त्यात मेसेज विषयाखाली टाकावा लागतो, त्यामुळे धुळ्याचा मित्र दोन तासांनी नेटवर आला तरी त्याला धागा सापडतो.

नेटवरून आठवलं. डेमो चांगल्या फायबरवर बघून निर्णय घेऊ नका. सिंहस्थाच्या कामांसाठी नाशिकचे रस्ते खणलेत, केबल कधी तुटेल सांगता येत नाही. टीममध्ये ज्याचं नेट सगळ्यात रडकं आणि लॅपटॉप सगळ्यात जुना, त्याला ट्रायल द्या. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, 8 जीबी रॅममध्ये, क्रोमच्या दहा टॅब आणि कोडचा एडिटर उघडे ठेवून व्हिडिओ कॉल लावा. एकाच संध्याकाळी कळेल काय चालतं आणि काय गुदमरतं. फुकट कॉलची वेळही बघून ठेवा: झूम 40 मिनिटांनी तोडतं, तिघं किंवा जास्त असतील तर गूगल मीट 60 मिनिटांनी. माझ्या मते आठ जणांच्या रोजच्या बोलण्याला हे बंधन उलट चांगलंच.

मराठी टीमची आणखी एक अडचण असते, ती जाहिरातीत कुठे दिसणार नाही. निम्मे लोक देवनागरीत लिहितात, निम्मे रोमनमध्ये, आणि रोमनमध्ये 'झालं' हा शब्दच प्रत्येक जण वेगळ्या स्पेलिंगने लिहितो. मग शोध घेऊन काही सापडत नाही, आणि दोष ॲपला दिला जातो. कार्डाचं शीर्षक कोणत्या लिपीत हे एकदाच ठरवा, खालची चर्चा कुणी कशीही करो.

पैसे भरताना बँकेच्या कार्डाचं बघा. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे ऑक्टोबर 2021 पासून कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेला आधी परवानगी नोंदवावी लागते, आणि 15,000 रुपयांच्या वर गेलं की दर वेळी ओटीपी लागतो. परदेशी कंपन्यांच्या बाबतीत कधी कधी व्यवहारच अडकतो आणि महिन्याच्या मधेच खातं गोठतं. बिलावर कंपनीचा जीएसटी क्रमांक घालायला विसरू नका. तो नसेल तर भरलेल्या 18 टक्के जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वजावट, मिळत नाही. बिल परदेशातून येत असेल तर रिव्हर्स चार्जचं, म्हणजे जीएसटी आपणच भरायच्या नियमाचं, सीएंना आधीच विचारा.

पहिल्या वर्षी वार्षिक प्लॅनची सूट सोडून द्या, महिन्याचं घ्या. ट्रायलमध्येच एकदा आपली माहिती बाहेर काढायचं एक्सपोर्टचं बटण दाबून काय बाहेर येतं ते उघडून बघा. फेसबुकवाल्या मेटानेसुद्धा आपलं वर्कप्लेस हे ऑफिससाठीचं ॲप (झोहोचं नव्हे) बंद करत असल्याचं 2024 मध्ये जाहीर केलं, तेव्हा नाव मोठं आहे म्हणून निर्धास्त राहू नका. आणि ॲडमिन दोघं ठेवा. खातं कुणाच्या घरच्या जीमेलवर नको, कंपनीच्या डोमेनवरच उघडा, ओटीपीचा नंबरही कंपनीच्या सिमचा. संस्थापकांपैकी कुणी उद्या बाहेर पडला तर पासवर्डसाठी त्याच्या मागे फिरायची वेळ येणार नाही.