कुणी ऐकलं नाही तर?

प्रिय ओवी,

परवा मामाने पाठवलेला वारीतल्या समाजआरतीचा, म्हणजे मुक्कामाच्या तळावर सगळ्या दिंड्या मिळून करतात त्या आरतीचा, व्हिडिओ आपण दोघींनी पाहिला. चोपदारांनी चोप उंच केला, 'होऽऽ' म्हटलं आणि तो एवढा मोठा तळ गप्प झाला. मला नेहमीसारखं भरून आलं, आणि तू विचारलंस, "त्या काठीवाल्याला सगळे घाबरतात का? आणि कुणी ऐकलं नाही तर?" मी "आधी जेव" म्हणून विषय बदलला. लागलं मला ते. तू काही उद्धटपणे विचारलं नव्हतंस. तुझ्या आइंडहोवनच्या शाळेत नियम कुणी केला आणि का, हे आधी विचारतात. आमच्या घरी ते शेवटी विचारायचे, तेही स्वयंपाकघरात, आजीला.

लिहूनच सांगते. बोलायला लागले की मी चिडते, नाहीतर कीर्तन सुरू करते. कुठे अडलीस तर बाबाकडून वाचून घे.

आबा आपल्या दिंडीचे विणेकरी होते, हे तुला माहीत आहे. पुढे पताकावाले, मग ओळीने टाळकरी, मध्ये पखवाज, मग आबा, आणि मागे डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका. माउलींच्या पालखीच्या रथापुढे २७ दिंड्या, मागे त्याहून कितीतरी जास्त, आणि प्रत्येकीची जागा ठरलेली. पाणी प्यायला बाहेर पडलात तर परत आपल्याच दिंडीत यायचं. सकाळचे ठरलेले अभंग संपेपर्यंत मनाला येईल ते गायचं नाही. एका वर्षी, मी नऊ-दहा वर्षांची असेन, लोणंदहून तरडगावाकडे जाताना एका तरुण टाळकऱ्याने सिनेमाच्या चालीत अभंग उचलला. आम्ही पोरं खूश! आबा ओरडले नाहीत. नुसते जागेवर उभे राहिले. वीणा चालू, पाय बंद. मागच्या बायका थांबल्या, त्यांच्यामागची दिंडी अडली. त्या पोराने गुपचूप जुनी चाल धरली, तेव्हा आबांनी पाऊल उचललं. तेव्हा मला आबांचा केवढा अभिमान वाटला होता. आता आठवतं तेव्हा आधी त्या पोराचा पडलेला चेहरा दिसतो.

तुला त्या काठीत फौज दिसली, ते अगदीच चूक नाही. माउलींच्या पालखी सोहळ्याला आजची घडी दिली हैबतबाबांनी. आरफळचे, म्हणजे आपल्या साताऱ्याकडचेच, आणि आधी ग्वाल्हेरला शिंद्यांच्या पदरी सरदार. घोडे आले अंकलीच्या शितोळे सरकारांकडून. म्हणून ते तंबू, ती रांग, ते ठरल्या वेळी निघणं. लाखभर माणसं पायी चालवायची तर दुसरं काय करणार, असं आबा म्हणायचे. मलाही ते पटतं. निदान बरंचसं.

पण मामाच्या व्हिडिओत एक गोष्ट आली नाही. चोप वर गेल्यावर सगळे टाळ थांबतात, पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती थांबत नाही. कुणाच्या जागेत दुसरं कुणी घुसलं, कुणाच्या गाडीवरून भांडण झालं, काहीही. ती दिंडी मुद्दाम टाळ वाजवत राहते. सगळा तळ शांत आणि एका कोपऱ्यात टाळांचा कल्लोळ. मग चोपदारांनाच तिथे चालत जावं लागतं, काय झालं ते ऐकून घ्यावं लागतं. त्यांचं समाधान होईपर्यंत आरती खोळंबते. त्यानंतर हरवल्या-सापडल्याची यादी, उद्या किती वाजता निघायचं ते, आणि मग आरती. तर तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हे: कुणी ऐकलं नाही तर त्याचं ऐकायला जातात.

उरलेलं अर्धं इतकं गोड नाही. आपल्या गावचा एक टाळकरी नातेपुत्याच्या मुक्कामी पिऊन आला. आबांनी त्याला गळ्यातली माळ काढून खिशात ठेवायला सांगितलं आणि सकाळच्या एसटीने घरी पाठवलं. वारीतून माघारी आलेला माणूस गावात कसा दिसतो, ते तुला कसं सांगू? त्याच्या बायकोचे हाल आम्ही पाहिले. पुढच्या वर्षी तो आला, तेव्हा आबांनीच आधी वाकून त्याचे पाय धरले. मामा ही गोष्ट सांगतो तेव्हा पायांपाशी थांबतो. मला मधलं वर्ष आठवतं.

आणि काही सीमा तर दारू पिणाऱ्यासाठी नव्हत्याच. चोखोबांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे, मंदिराच्या बाहेर. त्यांच्या जातीच्या माणसांना आत जाता यावं म्हणून साने गुरुजींना मे १९४७ मध्ये उपोषण करावं लागलं, तेव्हा दार उघडलं. लहानथोर सगळे एकमेकांच्या पाया पडतात, त्याच वाटेवर पंगती मात्र जातीप्रमाणे वेगळ्या बसायच्या. आबांना हे माहीत होतं. त्यांनी ते कधी नाकारलं नाही, पण आपणहून विषयही काढला नाही.

आजीचं सांगते. आजीला सगळा हरिपाठ पाठ, काकड्याचे अभंग आबांपेक्षा जास्त, गळा तर विचारूच नकोस. तिने वर्षानुवर्षं तुळस डोक्यावर घेतली. वीणा कधीच नाही. आपल्या दिंडीत बाईच्या गळ्यात मी वीणा पाहिली नाही. एकदा मी आबांना विचारलं, का? "प्रथा आहे," म्हणाले आणि चंची उघडली. आजी भाकऱ्या थापत होती, तिने वर पाहिलं नाही. तिला वाजवत राहायला टाळ नव्हते, ओवी. मी तरी ते वाजवायला हवे होते का, ठाऊक नाही. मी पंधरा वर्षांची होते आणि मला आबा फार आवडायचे. अजून आवडतात.

तुझ्यावर माळ घालायची सक्ती मी करणार नाही. मी स्वतः घातली नाही. पुण्याला हॉस्टेलवर अंडं खायला लागले. आबांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही, आणि सुट्टीत गेले की आजी न बोलता एकादशीला माझ्यासाठीही साबुदाणा भिजवायची. मी तो खायचे. भूक होती म्हणून की आबांसाठी, ते मला विचारू नकोस.

मामा म्हणतो, सुट्टी जुळली तर ओवीने लोणंद ते तरडगाव एवढंच चालावं, वाटेत चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण, म्हणजे वारकऱ्यांच्या रांगांमधून धावणारे घोडे, बघावं, नंतर हवं तर गाडीत बसावं. तू आमलेट खातेस का, हे तिथे कुणी विचारणार नाही. रांग सोडून आइस्क्रीमला गेलीस तर मात्र कुणीतरी बोलेल, आणि मी तुझी बाजू घेईनच असं नाही.

यायचं की नाही ते मामाला तूच कळव. मला मध्ये घालू नकोस. आणि तिकडे नऊ वाजायच्या आत फोन कर, तो लवकर झोपतो.

तुझी,
आई