हिल डिस्ट्रिक्टचा धडा कुठून सुरू करावा?

प्रश्न : ताई, मी पिट्सबर्गला असते आणि रविवारच्या मराठी शाळेत बारा-तेरा वर्षांच्या मुलांना शिकवते. आपल्याच शहरातल्या हिल डिस्ट्रिक्ट या जुन्या कृष्णवर्णीय वस्तीचा इतिहास यंदा घ्यायचं ठरवलंय. पण वस्ती पाडल्याचं सांगायला लागले की मुलं नुसती माना खाली घालून बसतात. त्यात एका पालकांनी विचारलं, "आपल्या पोरांचा याच्याशी काय संबंध?" काय करू?

उत्तर : पाडापाडीपासून सुरुवात करूच नका. जो रस्ता मुलांनी कधी पाहिलाच नाही, तो गेल्याचं त्यांना काय वाटणार? मी इथेच शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. माझा पहिला तास ठरलेला असे : टीनी हॅरिसने काढलेला एकच फोटो. हा 'पिट्सबर्ग कुरिअर' या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्राचा छायाचित्रकार. त्याच्या सुमारे ८० हजार निगेटिव्ह कार्नेगी कलासंग्रहालयात आहेत आणि बरेचसे फोटो घरबसल्या बघता येतात. हिलमधल्या वायली अव्हेन्यू या रस्त्याचा एखादा निवडा आणि तुम्ही गप्प बसा. दुकानांच्या पाट्या वाचणं, बायकांच्या टोप्या, पोरांचे बूट बघणं, सगळं मुलांना करू द्या.

मग बेसबॉल. हिलमधल्या क्रॉफर्ड ग्रिल या जॅझ क्लबचा मालक गस ग्रीनली याने १९३२ साली बेडफर्ड अव्हेन्यूवर स्वतःचं मैदान बांधलं, कारण गोऱ्यांच्या मैदानावर कृष्णवर्णीय खेळाडूंना कपडे बदलायची खोलीसुद्धा मिळत नसे. सॅचेल पेज आणि जॉश गिब्सन त्याच्या संघातले. आपली क्रिकेटवेडी पोरं इथे हमखास जागी होतात.

आता १९४३ सालचा कागद काढा. जॉर्ज इव्हान्स या नगरसेवकाने लिहिलं की इथल्या सुमारे ९० टक्के इमारती निकृष्ट आहेत आणि त्या सगळ्या पाडल्या तरी समाजाचं काही नुकसान नाही. हे वाक्य फळ्यावर लिहा, शेजारी तो फोटो लावा. बाकीचं मुलं बोलतात. मात्र वस्ती म्हणजे स्वर्ग होता असं भासवू नका. बरीच घरं खरंच मोडकळीला आली होती. दुरुस्तीऐवजी बुलडोझर का आला, हा प्रश्न वर्गात चघळण्यासारखा आहे. (पुनर्विकासात, मग तो कुठलाही असो, घर गेलेले आजी-आजोबा कुणाचे असतील तर त्यांनाही त्या दिवशी बोलवा.)

आकडे थोडक्यात आटपा. १९५६पासून पुनर्विकासाच्या नावाने सुमारे ९५ एकर लोअर हिल, म्हणजे वस्तीचा खालचा भाग, साफ केला, आठेक हजार माणसं उठवली आणि १९६१ साली तिथे अरिना, म्हणजे खेळांचं मोठं बंदिस्त सभागृह, उघडलं. २०१२पर्यंत तेही पाडून झालं.

पण धडा तिथे संपवलात तर मुलं पुन्हा माना खाली घालतील. त्यांना फ्रीडम हाऊस या रुग्णवाहिका सेवेची गोष्ट सांगा. ही पाडापाडी डेव्हिड लॉरेन्स महापौर असताना सुरू झाली. १९६६मध्ये तेच लॉरेन्स भर सभेत कोसळले. तेव्हा शहरात रुग्णाला न्यायला पोलिसांची गाडी येई, आणि वाटेत उपचाराच्या नावाने सगळी बोंबच. काही दिवसांनी ते गेले. कृत्रिम श्वासोच्छ्वासावर काम केलेले डॉ. पीटर साफार हे सगळं बघत होते. १९६७ साली फ्रीडम हाऊस अँब्युलन्स सेवा उभी राहिली. साफारांनी शिकवलेली त्यातली माणसं याच हिलमधली, अनेक जण बेकार. अमेरिकेतल्या पहिल्या पॅरामेडिकांत, म्हणजे रुग्णवाहिकेतच उपचार करणाऱ्या प्रशिक्षित माणसांत, त्यांची गणना होते. १९७५ साली शहराने स्वतःची सेवा काढून फ्रीडम हाऊस बंद केलं. का, ते मुलं विचारतीलच. उत्तर गुळमुळीत देऊ नका.

त्या पालकांना एवढंच सांगा : ज्या १९६५च्या स्थलांतर कायद्याने आपल्याला या देशाचं दार उघडलं, तो नागरी हक्कांच्या लढ्यामुळे बदललेल्या हवेतच मंजूर झाला. संबंध शोधायला लांब जायला नको.

शेवटी मुलांना क्रॉफर्ड स्ट्रीट आणि सेंटर अव्हेन्यूच्या कोपऱ्यावर, फ्रीडम कॉर्नरला न्या. 'याच्यापुढे पुनर्विकास नाही' असा फलक लोकांनी तिथेच लावला होता. तिथून ऑगस्ट विल्सन या नाटककाराचं बालपणीचं घर, १७२७ बेडफर्ड अव्हेन्यू. वाटेत लोकांच्या राहत्या घरांचे फोटो मात्र काढू देऊ नका. माणसं राहतात तिथे अजून.