आधी कृपा, मग बाकी सगळं

प्रिय बेटा,

परवा प्रभुभोजनाची भाकर घ्यायला तुमची रांग उठली तेव्हा तू पाय आखडून बाकीच्यांना वाट दिलीस आणि स्वतः बसून राहिलास. उपासनेनंतर फाटकापाशी मी कारण विचारलं, तर तू वहीच पुढे केलीस. ईस्टरआधीच्या उपवासकाळाचे चाळीस दिवस, प्रत्येक दिवसापुढे चार रकाने: उपास, वाचन, पहाटेची प्रार्थना, राग. पाळलं तिथे हिरवी खूण, मोडलं तिथे लाल फुली. शेवटची दोन पानं जवळजवळ लालच. "मावशी, कोणत्या तोंडाने जाऊ?" म्हणालास. सदर भागातल्या त्या उन्हात उभ्याउभ्या नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते आहे.

देवाचं तुझ्यावर प्रेम आहे वगैरे सांगत बसत नाही. ते तूच संडे स्कूलच्या पोरांना शिकवतोस. मला सांगायचं आहे ते एवढंच की तू क्रम उलटा लावला आहेस. आधी वही हिरवी होईल, मग देव जवळ करेल, असं तू धरून चाललास. शास्त्रात कुठेही तसा क्रम नाही. आधी कृपा, मग बाकी सगळं.

अब्राहामाचंच बघ. त्याने विश्वास ठेवला आणि त्या विश्वासामुळे देवाने त्याला नीतिमान गणलं, हे उत्पत्तीच्या 15 व्या अध्यायात येतं. सुंता येते 17 व्या अध्यायात, तेव्हा तो 99 वर्षांचा होता. मधे निदान तेरा वर्षं गेली. रोमकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात प्रेषित पौल नेमकं हेच विचारतो: नीतिमान गणला गेला तो सुंतेआधी की नंतर? आधी! आणि मोशेचं नियमशास्त्र तर देवाने अब्राहामाला दिलेल्या वचनानंतर 430 वर्षांनी आलं, असं तो गलतीकरांना लिहितो. दहा आज्ञांची सुरुवात तरी कशाने होते? "मी तुला मिसर देशातून बाहेर आणलं" हे पहिलं वाक्य. सुटका आधी झाली, आज्ञा नंतर आल्या. जक्कय या बदनाम जकातदाराला प्रभू म्हणाला, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याची भाषा जक्कयाने त्यानंतर केली. सगळीकडे हाच क्रम आहे. मग तुझ्यासाठीच वेगळा का असेल?

तू लगेच नव्या करारात पत्र लिहिणाऱ्या याकोबाचं नाव काढशील, मला माहीत आहे. कर्मांवाचून विश्वास निर्जीव, असं तो म्हणतो आणि खरंच म्हणतो. पण त्याने दाखला कोणता दिला? अब्राहामाने इसहाकाला वेदीवर ठेवलं तो. तो प्रसंग उत्पत्तीच्या 22 व्या अध्यायातला, म्हणजे पुन्हा नंतरचाच. स्वीकारलेला माणूस चालायला लागतो. चालून दाखवलं म्हणून स्वीकारला, असं याकोबही म्हणत नाही.

आता पौलाच्या करिंथकरांस पत्रातलं तुझं ते वचन. अयोग्य प्रकारे जो भाकर खाईल तो दोषी ठरेल, म्हणून तू घाबरलास. बेटा, अध्याय वरून वाचत जा ना! करिंथात पैसेवाले आधी येऊन पोटभर खात-पीत होते आणि गरीब भाऊ उपाशी राहत होते. पौल चिडला आहे तो त्यावर. ज्याच्या वहीत लाल फुल्या आहेत त्याने उठू नये, असं त्यात कुठे आहे? पुढचंच वचन सांगतं की माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग भाकर खावी. परीक्षा करून घरी जावं, असं नाही म्हटलेलं.

"माझा विश्वासच कमी पडतो," हे तू जाताजाता बोललास, ते मला सगळ्यात जास्त टोचलं. म्हणजे विश्वासाचाही तू पाचवा रकाना केलास! वर्ध्याच्या गाडीत बसलेला एक जण निवांत झोपतो, दुसरा बुटीबोरीला, सिंदीला दचकून उठतो आणि खिडकीबाहेर बघतो. दोघांनाही नेते ती गाडीच. मार्काच्या शुभवर्तमानात तो आजारी मुलाचा बाप आहे ना, विश्वास आहे म्हणतो आणि त्याच दमात अविश्वास घालव म्हणतो? प्रभूने त्याला आधी विश्वास वाढवून आण, असं सांगितलं नाही. मुलगा बरा केला.

पंडिता रमाबाईंसारख्या बाईलाही हे उमगायला वेळ लागला. 1883 मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा झाला, आणि 1907 च्या आपल्या साक्षीत त्या लिहितात की तेव्हा ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. तो सापडायला पुढे सुमारे आठ वर्षं गेली. एवढी विद्वान, एवढी कडक शिस्तीची बाई! तुझी आजी कॅथलिक, म्हणून तुला वाटतं की ही आम्हा प्रॉटेस्टंटांची जुनी टकळी आहे. तर 31 ऑक्टोबर 1999 ला आउग्सबुर्गमध्ये कॅथलिक आणि प्रॉटेस्टंटांपैकी लुथरन मंडळ्यांनी मिळून सही केली आहे की देव आपल्याला स्वीकारतो ते केवळ कृपेने, आपल्या पुण्याईने नाही. आजीलाही सांग.

हे मी इतक्या हट्टाने का सांगते ते ऐक. मी पास्टोरेट कमिटीवर, म्हणजे मंडळीचा कारभार बघणाऱ्या समितीवर होते तेव्हा एका बाईला प्रभुभोजनापासून दूर ठेवावं असा ठराव आला. कारण काय, तर तिच्या मुलीने लग्न कुठे केलं! मी सही केली नाही. नियम नसतील तर मंडळी टिकेल कशी, असं मला विचारलं गेलं. मी म्हटलं, नियम असू द्या, पण दारावर बसवू नका, घरात बसवा. ठराव पडला. काही जण अजूनही माझ्याशी धड बोलत नाहीत. "मावशींना शिस्त नको" म्हणतात. मला शिस्त नको? मी उपवासकाळ पाळते, दशांश देते, पहाटे उठते. फक्त ते घेऊन देवापुढे हिशेब मांडायला जात नाही. प्रभूच्या दाखल्यातला परूशी, नियम काटेकोर पाळणारा, आठवड्यातून दोनदा उपास करत होता, आणि नीतिमान ठरून घरी गेला तो छाती बडवणारा जकातदार. हे प्रभूने सांगितलं आहे, मी नाही.

ती बाई मात्र परत आली नाही. कमिटीने तिला अडवलं नव्हतंच शेवटी. तिनेच स्वतःला नालायक ठरवलं होतं, आणि मी कितीदा जाऊन बसले तरी तिला ते पटलं नाही. ती हळहळ माझ्या मनातून जात नाही. तुझा चेहरा परवा तसाच दिसला, म्हणून माझा आवाज चढतो आहे. राग मानू नकोस.

मग वाटेल तसं वागायचं का? हा प्रश्न तू विचारणारच. पौलालाही विचारला होता लोकांनी, रोमकरांच्या सहाव्या अध्यायात त्याचं उत्तर आहे. ज्याच्यावर खरंच कृपा झाली त्याला पाप गोड लागेनासं होतं. हळूहळू होतं, पण होतं. तू राग आवरायला धडपडतोस ना, ती धडपड मुलाची आहे, घरात घ्या म्हणून उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्याची नाही. उपास कर, जमेल तसा कर. एप्रिलच्या नागपुरात पाणी मात्र सोडू नकोस, त्यात काही धर्म नाही.

आज रात्री गलतीकरांस पत्र एका बैठकीत वाचून काढ, सहाच अध्याय आहेत. दुसऱ्या अध्यायात अंत्युखिया शहरात पौलाने प्रभूचा शिष्य पेत्र याला सगळ्यांदेखत तोंडावर सुनावलं, ते दोनदा वाच. पेत्रासारखा माणूस लोकांच्या भीतीने परराष्ट्रीयांच्या, म्हणजे यहुदी नसलेल्यांच्या, पंगतीतून उठून गेला होता, म्हणून. न पटलेलं लिहून आण आणि बुधवारच्या घरगुती प्रार्थनासभेआधी तासभर लवकर ये. भांडायचं असेल तर भांड, मी घरीच आहे.

जय ख्रिस्त.

तुझी,
मावशी