वाचकांचे प्रश्न : घरच्या शेगडीवर गांजाचे तेल काढावे का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी असल्याने ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे. उरलेली तीन त्याच्या आधाराने वाचावीत.

प्रश्न : माझ्या आईला स्वादुपिंडाचा कर्करोग आहे. केमोथेरपीच्या तीन फेऱ्या झाल्या असून अन्न समोर आले तरी तिला उमळते आणि रात्री पाठीतून कळा येतात. मामेभावाने एक चित्रफीत पाठवली आहे. तीत एक परदेशी गृहस्थ भाताच्या कुकरमध्ये गांजा आणि स्पिरिट घालून काळे, दाट तेल काढतात आणि त्याने कर्करोग बरा होतो असे सांगतात. हे तेल घरी सुरक्षितपणे कसे काढावे? आम्ही पूर्ण काळजी घेऊ. (एक वाचक भगिनी, नाशिक)

उत्तर : ताई, आपण विचारलेली कृती मी देणार नाही, मात्र त्यामागची कारणे सविस्तर सांगतो. आपल्या आईंच्या मळमळीवर आणि कळांवर आज नाशिकमध्येच करता येईल असे बरेच काही आहे, तेही शेवटी सांगतो.

गांजाच्या मादी फुलांवर सूक्ष्म ग्रंथी असतात आणि त्यांतील राळेत औषधी घटक साठलेले असतात. ही राळ पाण्यात विरघळत नाही. तूप, तेल, दुधातली साय किंवा अल्कोहोल यांत विरघळते. थंडाईत भांगेबरोबर दूध आणि बदाम का पडतात, याचे रसायनशास्त्रीय उत्तरही हेच आहे. ताज्या फुलात मुख्य घटक टीएचसी हा बहुतांशी आम्लरूपात असतो आणि उष्णता मिळाली की त्याचे नशा आणणाऱ्या, तसेच मळमळ थांबवणाऱ्या रूपात रूपांतर होते. चित्रफितीतील रीत अशी की, द्रावकात राळ उतरवायची आणि द्रावक आटवून टाकायचे. ही रीत कॅनडातील रिक सिम्पसन यांच्या नावाने जगभर पसरली असून तिच्यात नॅफ्थासारखी पेट्रोलजन्य द्रावकेही वापरली जातात. तत्त्व साधे आहे, पण ते घरात उतरवताना निदान चार ठिकाणी घात होतो.

पहिला घात आगीचा. स्पिरिटची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे ती वर न जाता ओट्यावरून खाली उतरते, फरशीवर पसरते आणि शेजारच्या खोलीतल्या समईपर्यंतही पोहोचू शकते. अल्कोहोल ७८ अंश सेल्सिअसला उकळते हे अनेकांना ठाऊक असते. पण त्याची वाफ पेट घेऊ शकेल इतकी जमायला सुमारे १३ अंश तापमान पुरते, म्हणजे नाशिकमधली थंडीतली पहाट सोडली तर वर्षभर कोणतीही वेळ. विजेच्या कुकरला ज्योत नसते, म्हणून लोक निर्धास्त होतात. परंतु त्याचा तापमान-नियंत्रक आणि मागे चालू असलेला फ्रिज, दोन्ही ठिणगी टाकू शकतात. द्रावक म्हणून ब्यूटेन वायू वापरणाऱ्यांची अवस्था याहून वाईट असते. अमेरिकेत अशा प्रयत्नांत स्फोट होऊन घरे उडाली आहेत आणि माणसे भाजली आहेत.

दुसरा घात द्रावकाच्या अवशेषांचा. बाजारात मिळणारे स्पिरिट पिण्याजोगे राहू नये म्हणून त्यात मुद्दाम अन्य द्रव्ये मिसळलेली असतात. अल्कोहोल उडून गेले तरी त्यांतली सगळी द्रव्ये त्याच्याबरोबर उडत नाहीत, काही तेलात राहतात. पेट्रोलजन्य द्रावकांत बेंझीन असू शकते. ते स्वतःच कर्करोगकारक आहे आणि औषधनिर्मितीच्या आंतरराष्ट्रीय निकषांनुसार त्याची मर्यादा दशलक्ष भागांत २ भाग इतकीच आहे. ‘वास गेला म्हणजे द्रावक गेले’ ही समजूत चुकीची आहे, कारण एवढे अल्प प्रमाण नाकाला कळत नाही. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ हे तपासणी-यंत्र लागते.

तिसरा घात मूळ मालाचा. चोरट्या मार्गाने आलेला गांजा कोणत्या जमिनीतला, त्यावर कोणती फवारणी झाली, तो कुठे दमट जागी पडून होता, हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. हे झाड जमिनीतले जड धातू शोषून घेते. राळ दाट करताना कीटकनाशकाचे आणि बुरशीच्या विषाचे अंशही तिच्याबरोबर दाट होऊ शकतात. केमोमुळे ज्यांच्या पांढऱ्या पेशी घटल्या आहेत आणि यकृतावर आधीच ताण आहे, अशा रुग्णाला हे देणे निरोगी माणसाला देण्यापेक्षा कितीतरी धोक्याचे आहे.

चौथा घात मात्रेचा आहे, आणि माझ्या मते तोच सर्वांत मोठा. गणित करून पाहा. भूक वाढवण्यासाठी डॉक्टर जेव्हा टीएचसीचे औषध देतात, तेव्हा सुरुवात साधारणपणे एका वेळी २.५ मिलिग्रॅमने होते. घरी काढलेल्या दाट तेलात टीएचसी ६० टक्के असेल असे धरले, तर तांदळाच्या दाण्याएवढ्या, म्हणजे सुमारे २५ मिलिग्रॅमच्या गोळीत ते १५ मिलिग्रॅम होते : सुरुवातीच्या मात्रेच्या सहा पट. पुढच्या खेपेचा गांजा वेगळा असेल तर हेच प्रमाण निम्म्यावर येईल किंवा आणखी वाढेल, आणि दोन्ही तेले दिसायला सारखीच काळी असतील. शिवाय पोटातून घेतलेल्या टीएचसीचा परिणाम दिसायला अर्ध्या तासापासून दोन तासांपर्यंत वेळ लागतो. तेवढ्यात ‘काहीच झाले नाही’ म्हणून घरचे दुसरी गोळी देतात आणि मग अशक्त, वयस्कर रुग्ण भ्रम, छातीत धडधड, रक्तदाब उतरणे अशा अवस्थेत रात्री-अपरात्री रुग्णालयात पोहोचतो.

आपल्या देशातून हे औषध पाश्चात्त्य वैद्यकात गेले, त्याचा इतिहासही याच अडचणीपाशी येऊन थांबतो. कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातील विल्यम ओशॉनेसी यांनी १८३९मध्ये धनुर्वात, संधिवात आणि लहान मुलांचे झटके यांवरील गांजाच्या अर्काचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यानंतर तो अर्क इंग्लंड-अमेरिकेतील औषधालयांत विकला जाऊ लागला. परंतु एका बाटलीत जोर असे, तर दुसरीत काहीच नसे. अमेरिकेच्या औषधकोशातून १९४२मध्ये गांजा वगळला गेला. त्यामागे कायदा आणि राजकारण होतेच, पण शक्ती मोजता न येणे हेही एक महत्त्वाचे कारण होते. टीएचसी शुद्ध स्वरूपात वेगळे झाले ते थेट १९६४मध्ये, इस्रायलमधील राफेल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांच्या हातून.

आता ‘कर्करोग बरा होतो’ या दाव्याविषयी. प्रयोगशाळेतील पेशींवर आणि उंदरांवर काही परिणाम दिसले आहेत. माणसाचा कर्करोग या तेलाने बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटले आहे की, संशोधनासाठीची नियंत्रित चाचणी (क्लिनिकल ट्रायल) सोडून कर्करोगावरील उपचार म्हणून गांजाजन्य औषधे देऊ नयेत. मळमळीची गोष्ट वेगळी. ड्रोनाबिनॉल हे टीएचसीचे औषध केमोमुळे होणाऱ्या उलट्यांसाठी अमेरिकेत १९८५पासून मान्य आहे, तेव्हा आपल्या मामेभावाचा विचार अगदीच निराधार नाही. पण तिथेही ते पहिले औषध नव्हे. नेहमीच्या औषधांनी भागले नाही तर पुढे येणारे आहे.

कायद्याबाबत संदिग्धता नाही. १९८५च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यातील ‘चरस’ या शब्दाच्या व्याख्येतच राळेचे दाट तेल नाव घेऊन समाविष्ट केले आहे. म्हणजे गांजापासून असे तेल काढणे म्हणजे कायद्याच्या भाषेत चरस तयार करणे होय. प्रमाण ‘अल्प’ ठरले तरी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि रुग्णासाठी काढले म्हणून घरगुती सूट मिळत नाही.

म्हणून पुढील भेटीत कर्करोगतज्ज्ञांना तीन प्रश्न नेमके विचारा. ऑन्डान्सेट्रॉनसारख्या नेहमीच्या औषधाने उलट्या थांबत नसतील, तर ओलान्झापिन जोडता येईल का? स्वादुपिंडाच्या आजारात अन्न पचवणारे पाचकरस कमी पडतात, त्यासाठी पॅन्क्रिएटिनच्या कॅप्सूल सुरू करता येतील का? आणि कळांसाठी मॉर्फिन, किंवा पोटामागच्या मज्जातंतूंचे जाळे बधिर करणारे इंजेक्शन यांचा विचार झाला आहे का? मॉर्फिनच्या नावाने घरची मंडळी दचकतात, ‘आता शेवट आला’ असे समजतात. ती समजूत काढून टाका. २०१४मध्ये याच एनडीपीएस कायद्यात दुरुस्ती करून मॉर्फिनसह काही वेदनाशामके अत्यावश्यक मानली गेली, ती रुग्णांना सहज मिळावीत म्हणूनच. वेदनाशमनाचा स्वतंत्र विभाग असलेले केंद्र गाठता आले तर उत्तम. त्यासाठी केमो थांबवावी लागत नाही.

प्रश्न : मी नेदरलँड्समध्ये राहतो. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारामुळे पायांत येणाऱ्या ताठरपणासाठी मला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर गांजाचे तेल मिळते. औषधालयातले तेल आणि घरी ऑलिव्ह तेलात काढलेले तेल यांत खरोखर काही फरक असतो का? दिवाळीला पुण्याला येताना बाटली सोबत आणता येईल का? (एक वाचक)

उत्तर : फरक तेलात कमी आणि नोंदवहीत अधिक आहे. नेदरलँड्समध्ये औषधी गांजाचे शासकीय कार्यालय आहे. परवानाधारक लागवडीतला, प्रत्येक खेपेची तपासणी झालेला गांजा औषधालयांकडे जातो आणि त्यापासून तेल काढणारे औषधनिर्माते तयार तेलातील टीएचसी आणि सीबीडी (गांजातला नशा न आणणारा घटक) मोजून बाटलीवर टक्के लिहितात. दोन टक्के लिहिले असेल तर एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम, हा हिशेब डॉक्टरांना करता येतो. इटलीमध्येही औषधनिर्माते ऑलिव्ह तेलात अर्क काढतात, पण तेथे तयार तेलाचे प्रमाण मोजणे नियमानेच बंधनकारक आहे. लुइजी रोमानो आणि आर्नो हाझेकाम्प या संशोधकांनी २०१३मध्ये नॅफ्था, पेट्रोलियम ईथर, इथेनॉल आणि ऑलिव्ह तेल अशा चार माध्यमांतील अर्कांची तुलना केली, तेव्हा पेट्रोलजन्य द्रावकांचे अवशेष तेलात उरलेले आढळले, तर ऑलिव्ह तेल हे तुलनेने निर्धोक माध्यम ठरले. त्यामुळे आगीचा आणि द्रावकाचा प्रश्न आपल्या बाबतीत मिटतो हे मान्य. मात्रेचा मिटत नाही. ताठरपणा कमी करताना पायांतली उरलीसुरली शक्तीही ढिली पडू नये, ही कसरत रोज बदलणाऱ्या मात्रेवर जमत नाही. औषधालयातलीच बाटली घ्यावी.

भारतात मात्र ती आणू नये. युरोपातील शेंगेन करारातल्या देशांमध्ये प्रवास करताना मिळणारे ३० दिवसांचे प्रमाणपत्र मुंबईच्या विमानतळावर उपयोगी नाही, आणि एनडीपीएस कायद्याखाली अशा पदार्थाची विनापरवाना आयात हा स्वतंत्र गुन्हा आहे. बॅक्लोफेन किंवा टिझानिडीन ही ताठरपणावरची औषधे भारतात चिठ्ठीवर मिळतात. प्रवासाच्या काही आठवडे आधी आपल्या डॉक्टरांशी बोलून तात्पुरता बदल तिकडेच करून पाहावा, पुण्यात उतरल्यावर नव्हे.

प्रश्न : ‘विजया अर्क’ नावाचे तेल इंटरनेटवर उघडपणे विकले जाते. गांजाचे तेल बेकायदा असेल, तर हे कसे चालते? (एक वाचक, पुणे)

उत्तर : ‘विजया’ हे आयुर्वेदातले भांगेचे नाव. कायद्याने ‘गांजा’ म्हणजे फुलोरा किंवा फळांचे शेंडे असे म्हटले आहे, शेंड्यांविना असलेली पाने आणि बिया त्या व्याख्येत येत नाहीत. पानांपासूनच्या आयुर्वेदिक औषधांना या फटीतून वाट मिळते, पण परवान्याची अट राहतेच. औषध नियमांच्या अनुसूची ई-१मध्ये भांग विषारी द्रव्यांच्या यादीत आहे, त्यामुळे अशा औषधावर ते वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे अशी सूचना छापावी लागते. विजयेला ‘ग्राही’ (मळ बांधणारी) आणि ‘पाचनी’ म्हणणारा भावप्रकाश हा आयुर्वेदाचा ग्रंथ त्याच श्लोकात मोह आणि मद वाढवणारी असेही सांगतो. जाहिरातीत मात्र श्लोकाचा पहिलाच भाग उचललेला दिसतो! आणि सुट्या भांगेचे म्हणाल, तर महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली तिच्यासाठीही परवाना लागतो.

विजया अर्क आणि गांजाच्या बियांचे तेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत. बियांचे तेल हे खाद्यतेल असून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने त्याला २०२१मध्ये मान्यता दिली. त्यात टीएचसी जवळजवळ नसते, त्यामुळे त्याकडून वेदनाशमनाची अपेक्षा धरणे व्यर्थ आहे. विजया अर्क घ्यायचाच असेल, तर वैद्यांची चिठ्ठी, आयुष परवान्याचा क्रमांक आणि त्या खेपेच्या तपासणीचा अहवाल, या तिन्ही गोष्टी मागाव्यात. अहवालात टीएचसीचे मिलिग्रॅममधील प्रमाण नसेल तर बाटली परत करावी. रक्त पातळ करणारे वॉरफरिन किंवा अवयव प्रत्यारोपणानंतरचे टॅक्रोलिमस चालू असेल, तर हा अर्क सुरू करण्याआधी त्या डॉक्टरांना सांगणे आवश्यक आहे, कारण सीबीडीमुळे या औषधांची रक्तातील पातळी वाढू शकते.

प्रश्न : माझ्या सहा वर्षांच्या मुलाला औषधांना दाद न देणारी फेफरे येतात. सीबीडी तेलाने ती थांबतात असे वाचले. (एक वाचक, सांगली)

उत्तर : सर्व फेफऱ्यांत नव्हे. ड्राव्हे आणि लेनॉक्स-गॅस्टॉ या दोन गंभीर प्रकारांसाठी शुद्ध सीबीडीचे औषध अमेरिकेत २०१८मध्ये मान्य झाले, आणि ट्यूबरस स्क्लेरोसिस या जनुकीय आजारातील झटक्यांसाठी २०२०मध्ये. ते तिळाच्या तेलात केलेले द्रावण असून दर मिलिलिटरला नेमके १०० मिलिग्रॅम सीबीडी असते; नाव न ऐकलेल्या कंपनीच्या ‘सीबीडी तेला’शी त्याची तुलना करू नये. मुलाला व्हॅल्प्रोएट चालू असेल तर त्याच्या जोडीने यकृताचे विकार वाढू शकतात, आणि क्लोबाझाम चालू असेल तर गुंगी. आपल्या पत्रात चालू औषधांची नावे नाहीत. ती, झटक्यांची तारीखवार नोंद आणि जमल्यास एका झटक्याचे मोबाइलवरील चित्रण घेऊन बालमेंदूविकारतज्ज्ञांकडे जावे, आणि फेफऱ्यांचा नेमका प्रकार कोणता हे आधी विचारावे. चालू असलेली कोणतीही गोळी त्या भेटीपर्यंत कमी करू नये. ती एकाएकी थांबवल्यास न थांबणारे झटके सुरू होऊ शकतात.