काळजीचे दोन रकाने

दिवाळीच्या सुट्टीची आरक्षणे सुरू झाली की माझ्या दादरच्या समुपदेशनाच्या खोलीत एक प्रश्न हमखास येतो. पूर्वी तो 'एवढ्या लहान मुलाला घेऊन काश्मीरला जावे का' असा यायचा. बॅलार्ड पिअरवरून गोव्याला, कोचीला आणि लक्षद्वीपला पर्यटकांच्या मोठ्या बोटी सुटू लागल्यापासून त्याने रूप बदलले आहे: 'मॅडम, मूल दोन वर्षांचंही नाही, क्रूझवर न्यावं की नाही?' विचारणारी बहुधा आई असते, पैसे बहुधा भरून झालेले असतात, आणि तिला माझ्याकडून घरी जाऊन सांगता येईल असे एक 'हो' किंवा एक 'नाही' हवे असते. मी दोन्ही देत नाही. त्यामुळे काही जणी दुसऱ्यांदा येत नाहीत, हेही येथे नोंदवून ठेवते.

रेवती मात्र पाच वेळा आली. तिचे नाव अर्थातच बदलले आहे, आणि ओळख पटू नये इतपत तपशीलही बदलले आहेत. पार्ल्यात सासूबाईंसह राहणारे कुटुंब, बँकेतली नोकरी, पाच वर्षांची मुलगी आणि वीस महिन्यांचा मुलगा. नवऱ्याने तिला आनंदाचा धक्का द्यावा म्हणून लक्षद्वीपची चार रात्रींची सहल परस्पर ठरवून टाकली होती, आणि त्या दिवसापासून तिची झोप उडाली होती. रोज रात्री दोनच्या सुमारास जाग येते आणि डोळ्यांसमोर बोटीचा कठडा येतो, असे तिने सांगितले.

पहिल्याच भेटीत मला एक धागा सापडला, निदान मला तसे वाटले. तिचे आजोळ रेवसच्या बाजूचे. आजीचे थोरले भाऊ रामदास बोटीत गेले होते. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट वाटेत बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्या किनाऱ्यावरच्या कित्येक घरांत ही गोष्ट आजही सांगितली जाते. समुद्राची भीती दोन पिढ्या ओलांडून रेवतीपर्यंत आली आहे, अशी सुरेख मांडणी माझ्या मनात तयार झाली आणि मी ती काहीशा अभिमानाने तिच्यापुढे ठेवली. तिने शांतपणे ऐकून घेतली.

"मॅडम, रामदासचं मला लहानपणापासून माहीत आहे. पण माझी आजी त्यानंतर चाळीस वर्षं लाँचनेच मुंबईला येत-जात होती. डोक्यावर पाटी, कडेवर मूल, आणि शेजारणीशी गप्पा."

मी वहीतले ते पान उलटले. खरे तर माझी ज्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर निष्ठा आहे, तिचे प्रवर्तक, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून हेच सांगितले होते, की घटना माणसाला अस्वस्थ करीत नाही, घटनेबद्दल तो स्वतःला जे सांगतो ते त्याला अस्वस्थ करते. बावीस वर्षे ही पद्धत वापरणाऱ्या मला त्याची आठवण एका कोळीणवजा आजीने, तीही नातीच्या मार्फत, करून द्यावी याची मला गंमत वाटली.

दुसऱ्या भेटीत मी कठड्याचा विषय बाजूला ठेवला आणि विचारले, "समजा, मुलगा पडला नाही, हरवला नाही. नुसता ताप आला. बोटीवर डॉक्टर होते, औषध मिळालं, दोन दिवसांत उतरला. मग?"

"मग सासूबाई म्हणतील, मी आधीच सांगत होते."

"म्हणतील. आणि?"

"ऑफिसमधल्या बायका म्हणतील, एवढी काय हौस होती."

"आणि?"

ती बराच वेळ गप्प राहिली. खिडकीखालून एक लोकल गेली, तिच्यामागून आणखी एक.

"आणि मीच म्हणेन, तू कसली आई."

अशा क्षणी समुपदेशकाने काही बोलू नये, हे शिकायला मला बरीच वर्षे लागली. रुमाल पुढे सरकवण्याचीही घाई करू नये, कारण त्याने समोरच्या माणसाला आता आवरायला हवे असा निरोप जातो. तिचे रडून झाले आणि मग ती, मला उद्देशून कमी आणि साऱ्या जगाला उद्देशून जास्त, काहीशा चिडीने म्हणाली, "सगळे सांगतात, काळजी करू नकोस. मी काळजी करायचं सोडलं, तर काळजी घेणार कोण?"

मी तिला तेच वाक्य पुन्हा एकदा, सावकाश म्हणायला सांगितले. तिने म्हटले.

"यात 'काळजी'ला जोडलेली क्रियापदं किती आहेत?"

तिने माझ्याकडे असे पाहिले, की ही बाई आता व्याकरण शिकवणार की काय. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले. "करायचं," ती म्हणाली, "आणि घेणार."

आमच्या विषयाची पुस्तके इंग्रजीत, आणि तेथे अपायकारक चिंता आणि उपकारक दक्षता यांतला भेद सांगण्यासाठी दोन वेगळे शब्द घेऊन पानेच्या पाने लिहावी लागतात. मराठीत शब्द एकच, आणि क्रियापद बदलले की माणूसच बदलतो. काळजी करणारा माणूस रात्री दोन वाजता कठड्याकडे पाहत बसतो. काळजी घेणारा माणूस सकाळी कठड्याची उंची विचारतो. रेवतीची समजूत अशी होती, की ही दोन्ही कामे एकच आहेत आणि रात्रीची जागरणे हाच तिच्या आईपणाचा पुरावा आहे. 'मुलांना काही होऊ नये' ही कोणत्याही आईची इच्छा असते. तिच्या मनात ती 'काही होताच कामा नये, आणि झाले तर मी आई म्हणवून घ्यायला नालायक' अशी अट होऊन बसली होती. इच्छा समुद्रावर सोबत नेता येते, अटीला मात्र पार्ल्याच्या घरातसुद्धा जागा पुरत नाही.

मी एक कोरा कागद घेतला, मध्ये रेघ मारली आणि डावीकडे 'घ्यायची', उजवीकडे 'करायची' असे लिहून तिच्या हातात दिला. मनात येणारी प्रत्येक धास्ती आधी उजवीकडे लिहायची. तिच्यावर करण्याजोगे काही असेल तर ते शोधून, ती खोडून, डावीकडे कृतीच्या रूपात उतरवायची.

तिसऱ्या भेटीला तो कागद दोन्ही बाजूंनी भरून आला. बँकेत काम करणारी बाई हिशेबात पक्की असते. तिने काय काय शोधून काढले ते येथे देते, कारण हाच प्रश्न मनात असलेल्या आयांना त्याचा उपयोग होईल. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालील बाळाला घेत नाहीत, आणि सलग अनेक दिवस समुद्रातच राहणाऱ्या लांब सफरींसाठी ही अट एक वर्षाची असते. उघड्या डेकवरचे कठडे आंतरराष्ट्रीय नियमाने किमान १ मीटर उंचीचे असावे लागतात, म्हणजे वीस महिन्यांचे मूल आपणहून त्यावरून जात नाही. ते जाते ते कठड्याला टेकवून ठेवलेल्या खुर्चीवर चढून, किंवा फोटोसाठी त्याला वर बसवणाऱ्या मोठ्या माणसाच्या हातून. बाल्कनीची खोली घेतलीच तर खुर्च्या आत आणि दाराची कडी कायम लावलेली. बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावरच्या खोलीला हेलकावे कमी बसतात. दोन वर्षांखालच्या बाळांना बोट सहसा लागत नाही, पण दोन ते बारा या वयात ती अधिक लागते, त्यामुळे या बाबतीत तिला धाकट्यापेक्षा थोरलीकडे अधिक लक्ष द्यावे लागणार होते. औषध बालरोगतज्ज्ञांना विचारून घ्यायचे आणि मळमळू लागले की मुलीला मोकळ्या हवेत क्षितिजाकडे पाहायला लावायचे, हे डावीकडे आले.

पोहण्याच्या तलावाबाबत तिची निराशा झाली. शी-शूची सवय न लागलेल्या मुलांना अनेक बोटींवर पाण्यात उतरू देत नाहीत, पोहण्याचा डायपर घातलेला असला तरीही. मुलांच्या खेळघरातही साधारणपणे तीन वर्षे पूर्ण झालेल्या आणि डायपर सुटलेल्या मुलांनाच एकटे ठेवून घेतात. म्हणजे धाकटा सगळे दिवस यांच्याच कडेवर राहणार होता. हे घरीच कळलेले बरे, कारण सुट्टीतली निम्मी भांडणे न सांगितलेल्या अपेक्षांतून उद्भवतात. बंदिस्त जागेत पसरणाऱ्या उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसला हातावरचे सॅनिटायझर फारशी दाद देत नाही, साबण आणि पाणीच लागते. बाळाच्या मापाचे लाइफ जॅकेट आणि पाळणा खोलीत आधीपासून असेलच असे नाही, मागून घ्यावे लागतात. खोलीत शॉवर असतो, बादली नसते, आणि तिच्या मुलाला डोक्यावरून पडणाऱ्या पाण्याची दहशत आहे, म्हणून एक फुगवता येणारा टब. लक्षद्वीपला मोठी बोट किनाऱ्याला लागत नाही, छोट्या होडीतून उतरावे लागते. समुद्र खवळलेला वाटला तर एकाने धाकट्याला घेऊन बोटीवरच थांबायचे. किनारा सुटला की काही वेळाने मोबाइलची रेंज जाते, म्हणून औषधांच्या मात्रा कागदावर लिहून घ्यायच्या. (सासूबाईंचा फोन लागणार नाही, हे मात्र तिने कोणत्याच रकान्यात लिहिले नव्हते. मी विचारले तेव्हा ती प्रथमच मोकळेपणाने हसली.)

सुरक्षेच्या सरावाबद्दल मी आग्रहाने बोलले, कारण मूल झोपले आहे या सबबीवर पालक तो टाळू पाहतात. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया ही बोट खडकावर आदळून ३२ माणसे गेली, तेव्हा त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. पुढे आंतरराष्ट्रीय नियम बदलला, आणि १ जानेवारी २०१५ पासून हा सराव बोट सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घ्यावा लागतो. ती वीस-पंचवीस मिनिटे मुलांनाही बरोबर घेऊन उभे राहावे, आणि आई मुलीकडे, बाबा मुलाकडे, हे तेथेच ठरवून टाकावे.

चौथ्या भेटीला मी तिच्या नवऱ्याला बोलावले. सालस माणूस. बायकोला विश्रांती मिळावी ही त्याची इच्छा खरी होती आणि प्रत्येक मुद्द्यावर त्याचे उत्तर एकच होते: "मी आहे ना."

"मुलाचं आत्ताचं वजन किती?" मी विचारले.

त्याने बायकोकडे पाहिले.

"तापाच्या औषधाची मात्रा वजनावरून ठरते, म्हणून विचारलं. ती किती, ते माहीत आहे?"

त्याने पुन्हा तिकडेच पाहिले, आणि या वेळी त्याचे त्यालाच ते जाणवले. 'काळजी करू नकोस' असे सांगणाऱ्या माणसाने घेण्याच्या रकान्यातली निम्मी कामे आपल्या नावावर लिहून घेतली नाहीत, तर ते सांगणे पोकळ राहते. त्याने खिशातून पेन काढले आणि डावीकडच्या रकान्यात सात ओळींपुढे स्वतःचे नाव घातले. मला विचाराल तर या कुटुंबाची सहल तेथे निम्मी पार पडली.

सहलीआधी मी त्यांना एक गृहपाठ दिला. एलिस तरुणपणी स्त्रियांशी बोलायला घाबरत, तेव्हा त्यांनी न्यूयॉर्कमधल्या एका बागेत जाऊन अनोळखी स्त्रियांशी बोलण्याचा नेम स्वतःलाच घालून घेतला होता. आपल्याकडे एवढे धाडस करायची गरज नाही, भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो पुरते. साधारण तासाभराचा प्रवास. मुलांचे खाणे, शी-शू, झोप आणि रड यांची रंगीत तालीमच होते. ऑक्टोबरच्या एका रविवारी सगळे गेले, सासूबाईंसह. मुलीने जाताना उलटी केली, मुलगा येताना गाढ झोपला, आणि रामदासच्या कहाणीतल्या भाऊच्या धक्क्यावर उतरल्यावर सासूबाई म्हणाल्या, की बोट बरी आहे, पण चहा अगदीच पाणचट होता.

सर्वांनीच जावे असे माझे म्हणणे नाही. तान्ह्या बाळाची आई अजून बाळंतपणातून सावरलेली नसेल, मुलाचे एखादे दुखणे सुरू असेल, किंवा आईला स्वतःलाच बोट लागत असेल, तर पुढच्या वर्षी जावे. 'आम्हाला यंदा नको' हाही पूर्ण विचारांती घेतलेला निर्णय असू शकतो. तो रात्री दोन वाजता घेतलेला नसावा, एवढेच. आणि जाणाऱ्यांनी दिवसाला एकच बेत ठरवावा, दुपारची झोप कोणत्याही कार्यक्रमासाठी मोडू नये, आणि लहान मुलाला समुद्रापेक्षा बोटीतली लिफ्ट अधिक आवडली तर वाईट वाटून घेऊ नये.

नोव्हेंबरच्या अखेरीस रेवती पाचव्यांदा आली. मुलाला दुसऱ्या रात्री खरोखरच ताप आला होता. नवऱ्याने मात्रा मोजून औषध दिले, डॉक्टरांना दाखवून आणले, आणि ती मुलीजवळ झोपून राहिली, "चक्क झोपले," असे तिने दोनदा सांगितले. तिसऱ्या दिवशी भोजनगृहात मुलाने वरणभाताची ताटली उलटवली, तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या एक वयस्क बाई मराठीतच, ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या, "एवढ्याशा पोरांना कशाला आणतात कोण जाणे."

"मग तुम्ही काय केलंत?"

"वाईट वाटलं. रागही आला. मग भात उचलला आणि दुसरा वाढून घेतला."

जाताना तिने तो कागद माझ्यासमोर ठेवला. उजवीकडच्या रकान्यात सगळ्या ओळी खोडलेल्या होत्या, शेवटची तेवढी शिल्लक होती: 'लोक काय म्हणतील'. तिच्यापुढे तिने नव्या शाईने एकच शब्द लिहिला होता: 'म्हणाले.'