पट्ट्या नव्हे, आकडा बघा

प्रश्न : आम्ही घरी कांदा-लसूण चटणी करून विकतो. नेटवरून स्वस्तात बारकोड घेतला. दुकानातल्या मशीनवर तो वाजतो, पण ऑनलाइन नोंदणीत नाकारला जातो. असं का? – एक वाचक, शाहूपुरी

उत्तर : मशीन वाजलं म्हणजे पट्ट्या वाचता आल्या, एवढंच. पट्ट्यांखालचा आकडा कुणाच्या नावावर आहे हे मशीनला कळत नाही. अॅमेझॉनसारख्या ठिकाणी तो जीएस-वनच्या (बारकोडचे आकडे देणाऱ्या जागतिक संस्थेच्या) नोंदीशी ताडून बघतात आणि तिथे दुसऱ्याच कंपनीचं नाव निघालं की नोंदणी अडते. आपल्याकडे हे आकडे जीएस-वन इंडियाकडून स्वतःच्या फर्मच्या नावावर घ्यावेत. ते ८९० पासून सुरू होतात. (८९० म्हणजे माल भारतात बनला, असं नव्हे. आकडा भारतात घेतला, इतकंच.)

१३ आकड्यांतला शेवटचा पडताळणीचा. नमुन्याला पहिले १२ घ्या : ८९०१२३४५६७०१. डावीकडून विषम जागांची बेरीज २०; सम जागांची २६, तिची तिप्पट ७८. एकूण ९८. पुढच्या दहाच्या पटीला, म्हणजे १०० ला, २ कमी. म्हणून शेवटी २. पाकिटांच्या मोठ्या खोक्यासाठी १४ आकडी क्रमांक करताना बरेच जण पुढे १ चिकटवतात आणि शेवटचा २ तसाच ठेवतात. तो चुकतो. पुढच्या १ चीही तिप्पट धरायची, बेरीज १०१ होते, शेवटी ९ येतो : १८९०१२३४५६७०१९.

चटणीचं पाकीट लाल असतं, म्हणून छपाईचंही सांगतो. लालावर काळ्या पट्ट्या चालतात. पांढऱ्यावर लाल पट्ट्या चालत नाहीत, कारण स्कॅनरच्या लाल उजेडात लाल रंग पांढराच दिसतो. दोन्ही बाजूंच्या कोऱ्या जागेसकट बारकोडची मूळ रुंदी ३७.२९ मिमी; ८० टक्क्यांच्या खाली जाऊ नका. डिझाइनवाले ती कोरी जागा हमखास खातात. पाकिटाच्या शिवणीवर तर बारकोड नकोच.

प्रश्न : कोल्हापुरी चपलेच्या एका डिझाइनला एक बारकोड पुरेल का? – सुभाषनगर

उत्तर : नाही. सहा मापं आणि तीन रंग असतील तर १८ वेगळे बारकोड लागतील. एकच लावलात तर आठ नंबर मागवणाऱ्याला सहा नंबर जाईल आणि परतीचा खर्च तुमच्या माथी. तुमच्या वहीतला खुणेचा क्रमांक, म्हणजे एसकेयू, हवा तसा ठेवा. एएसआयएन, म्हणजे अॅमेझॉनचा वस्तूसाठीचा दहा अक्षरी ओळख क्रमांक, ते स्वतः देतात. तो बारकोडच्या रकान्यात भरू नका.

प्रश्न : एक्सेलमध्ये बारकोडचा आकडा ८.९०ई+१२ असा दिसतो. काय करू? – इचलकरंजी

उत्तर : आकडे टाकण्याआधी तो रकाना 'टेक्स्ट' करा. तसाच दिसत असताना सीएसव्ही फाइल जतन केलीत तर मधले आकडे कायमचे जातात, पुन्हा मूळ यादीतूनच भरावे लागतात. शून्याने सुरू होणाऱ्या १२ आकडी अमेरिकन क्रमांकाचं शून्यही असंच गळतं.