शेंगा चटणी, सुजलेले ओठ आणि ॲड्रेनालिन

माझ्या नऊ वर्षांच्या मुलाला भाकरीसोबत शेंगा चटणी खाल्ल्यावर ओठांना सूज आली, छातीतून शिट्टी वाजू लागली. दवाखान्यात ॲड्रेनालिन दिलं. घाबरल्यावर ते शरीरात आपोआप तयार होतं ना? मग सुई कशाला? (एक आई, जुळे सोलापूर)

ताई, तयार होतं हे खरं. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या ग्रंथी ते रक्तात सोडतात. फुप्फुसांना त्याची गरजही मोठी. ताणाच्या वेळी चेतणारे मज्जातंतू श्वासनलिकांच्या स्नायूंपर्यंत फारसे पोहोचतच नाहीत, त्यामुळे नळ्या सैल करायच्या तर भिस्त रक्तातून येणाऱ्या ॲड्रेनालिनवर. पण तीव्र ॲलर्जीत मास्ट पेशी, म्हणजे ॲलर्जीची रसायनं साठवून ठेवणाऱ्या पेशी, हिस्टामिन आणि इतर रसायनं एकदम ओततात. नळ्या आवळतात, आतलं अस्तर सुजतं, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपून बीपी कोसळतो. एवढ्याला घरचा साठा पुरत नाही, आणि रक्तातलं ॲड्रेनालिन काही मिनिटांतच निकामी होतं.

सुईतला डोस नळ्या उघडतो, सूज उतरवतो, बीपी सावरतो आणि मास्ट पेशींनाही आवरतो. एका औषधात ही चारही कामं होणारं दुसरं काही माझ्या कपाटात नाही. एक मिलीलिटरच्या ॲम्प्यूलमध्ये १ मिलिग्रॅम असतं. २५ किलोच्या मुलाला त्यातलं पाव मिलीलिटर, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. उतार नाही पडला तर पाच मिनिटांनी पुन्हा देता येतं.

आमच्याकडे अशा वेळी सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी आणि स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. तेवढ्यावर भागत नाही का? (होटगी रोड)

नाही. सेटिरिझिनने खाज आणि गांधी कमी होतात, आवळलेली नळी उघडत नाही. स्टेरॉइड म्हणजे कॉर्टिसोलचा भाऊ. तोही ताणाचाच हार्मोन, पण पेशीच्या केंद्रकात शिरून काम करणारा, म्हणून परिणामाला काही तास लागतात. द्यायचं तर द्या, पण ॲड्रेनालिननंतर. 'आधी गोळी देऊन बघू' म्हणत घालवलेला अर्धा तास मला सगळ्यात जास्त खटकतो.

बीपीसाठी अटेनोलॉल घेतो. द्राक्षबागेत मधमाशी चावली की अंगभर गांधी उठतात. धोका आहे? (मोहोळ)

आहे, काका. ॲड्रेनालिन ज्या कुलपात चावीसारखं बसतं, तेच अटेनोलॉल अडवून ठेवतं. तरी पहिलं औषध ॲड्रेनालिनच. दाद मिळाली नाही तर रुग्णालयात ग्लुकागॉन देतात, ते या अडवलेल्या कुलपाला वळसा घालून काम करतं. गोळी मनाने बंद करू नका, ती बदलता येईल का ते डॉक्टरांना विचारा. आणि मधमाशीचं नक्की सांगा.

सुईनंतर हात थरथरले, छाती धडधडली. रिॲक्शन आली का? (अक्कलकोट रोड)

नाही हो, ते औषधाचंच काम. थोड्या वेळात ओसरतं. मात्र बरं वाटलं म्हणून लगेच रिक्षा करून घरी जाऊ नका. काही तासांनी दुसरी लाट येऊ शकते. चक्कर असेल तर पाय उंच करून आडवं झोपा, दम असेल तर बसा. घरी असाल तर १०८ ला फोन लावा, आणि संडासापर्यंतही चालत जाऊ नका.